आधी दांडे, मग उडी

घोड्याला उडी शिकवायची म्हटलं की पहिला प्रश्न उंचीचा येतो. किती फुटांवरून गेला? प्रत्यक्षात उंची हा सगळ्यात सोपा भाग असतो. धडधाकट, तरुण घोडा मनात आलं तर तीन फुटांचा बांध कुणी न शिकवता ओलांडतो. त्याला माहीत नसतं ते वेगळंच: पाय नेमका कुठून उचलायचा, अडथळा अजून किती पावलांवर आहे आणि पाठीवर माणूस बसलेला असताना तोल कसा सावरायचा. हे शिकवायला जमिनीवर आडवे टाकलेले चार लाकडी दांडे पुरतात. उंच अडथळ्यांपेक्षा हे चार दांडे घोड्याला जास्त शिकवतात, असं माझं ठाम मत आहे. ते का, आणि आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सामानातून हे कसं जमवायचं, ते या लेखात सांगतो.

या किनाऱ्याला घोडा नवा नाही. चौल आणि दाभोळच्या बंदरांत समुद्रापलीकडून आलेले घोडे उतरत आणि घाट चढून देशावर जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा जहाजातून घेऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. आज अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात. नागाव, काशीदच्या पुळणीवर पर्यटक घोड्यावर बसून फेरी मारतात. अलीकडे काही घरांतून मुलं रीतसर घोडेस्वारी शिकायला लागली आहेत आणि एखाद-दुसरा घोडा वाडीत पाळलेला दिसतो. या सगळ्या घोड्यांना, अगदी गाडीला जुंपलेल्यांनाही, दांड्यांचा व्यायाम उपयोगी आहे. उडी मारायची नसली तरी.

दांडा नेमकं काय करतो

घोड्याच्या तीन चाली इथे लक्षात ठेवायच्या. साध्या चालीत चारही पाय एकेक करून पडतात, म्हणजे चार ठोके ऐकू येतात. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा अशी तिरपी जोडी एकदम पडते, मग दुसरी जोडी; ठोके दोन. कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. दांड्यांचं बहुतेक काम दुडकीत होतं, कारण तिची लय सगळ्यात समान असते आणि चुकलं तर लगेच कानाला कळतं.

सपाट जमिनीवर घोडा आळस करू शकतो. मागचे खूर घासत नेतो, मान वर काढून पाठ खाली सोडतो, एका बाजूला लांब तर दुसऱ्या बाजूला आखूड पाऊल टाकतो. वर्षभर पुळणीवर एकाच बाजूने फेऱ्या मारणाऱ्या घोड्यात हे हमखास दिसतं. समोर दांडा आला की पाय उचलावाच लागतो. पाय उचलायचा म्हणजे गुडघा, मागच्या पायाचे सांधे, खुरावरचा सांधा, सगळे नेहमीपेक्षा जास्त वाकतात. काय आडवं आलंय ते बघायला घोडा मान खाली आणि पुढे नेतो. मान खाली गेली की पाठ वर येते आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. दांडे ओळीने असल्यामुळे डावा आणि उजवा पाय आळीपाळीने सारखंच काम करतो. एरवी लगाम ओढून, टाच मारून जे साधत नाही, ते लाकूड स्वतःच करून घेतं. घोड्याला ते कुणी बळजबरी केल्यासारखं वाटत नाही.

पण हे सगळं अंतरावर अवलंबून आहे. रेल्वेच्या रुळांमधल्या स्लीपरवरून चालून पाहिलेल्याला हे चटकन कळेल. प्रत्येक स्लीपरवर पाय ठेवावा तर पाऊल आखडतं, एक सोडून एक घ्यावा तर ढांग ताणावी लागते, आणि थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात. चुकीच्या अंतरावर टाकलेले दांडे घोड्याला हाच त्रास देतात. फरक इतकाच की त्याला तोंडाने सांगता येत नाही. तो अडखळतो, पळत सुटतो, नाहीतर दांड्यासमोर थांबतो आणि आपण म्हणतो, घोडा हट्टी आहे.

माप वाळूवर वाचा

पुस्तकी मापं अशी आहेत. मोठ्या, म्हणजे १५-१६ हात उंचीच्या घोड्याला साध्या चालीत दोन दांड्यांमध्ये ८० ते ९० सेंटिमीटर, दुडकीत सव्वा ते १.४ मीटर आणि कँटरमध्ये ३ ते साडेतीन मीटर. घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच, आणि उंची खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. आपल्याकडच्या पुळणीवरचे पुष्कळ घोडे १३-१४ हातांचे, म्हणजे १३२ ते १४२ सेंटिमीटरच्या आसपास असतात. त्यांना वरची मापं लांब पडतात. दुडकीला १.१ ते १.२ मीटरपासून सुरुवात करावी.

तरीही मापपट्टी घेऊन पुस्तकातला आकडा जमिनीवर उतरवण्यापेक्षा आपल्याकडे एक चांगली सोय आहे: ओहोटीची ओली वाळू. पाणी मागे सरलं की मधला पट्टा घट्ट होतो आणि त्यावर खुराचा ठसा नालेच्या खिळ्यासकट उमटतो. त्या पट्ट्यावर घोडा सरळ रेषेत, एका वेगाने दुडकी न्यावा. मग उतरून ठसे पाहावेत. सुरुवातीचे आणि शेवटचे ठसे सोडून द्यायचे, कारण तिथे वेग बदललेला असतो. मधली दहा पावलं घ्यायची. चांगल्या दुडकीत मागचा खूर त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या ठशावर किंवा किंचित पुढे पडतो. तो बराच मागे पडत असेल तर घोडा मागून ढकलत नाही, एवढं इथेच कळतं. डाव्या ठशापासून पुढच्या उजव्या ठशापर्यंतचं सरळ पुढचं अंतर म्हणजे एक पाऊल. समजा दहा पावलांचं अंतर ११ मीटर ८० सेंटिमीटर भरलं, तर एक पाऊल ११८ सेंटिमीटर. दांडे तेवढ्यावर टाका. हा त्या घोड्याचा, त्या दिवसाचा, त्या जमिनीवरचा आकडा आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत तोच घोडा पाऊल आखडतं घेईल.

मग दांड्यांवरून न्या आणि पुन्हा ठसे पाहा. खूर दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये पडला पाहिजे. एकेका फटीत ठसा पुढच्या दांड्याकडे सरकत गेला, तर घोड्याचं पाऊल फटीपेक्षा मोठं आहे. ठसा ओलांडलेल्या दांड्याकडे मागे मागे सरकत गेला, तर त्याला ताणावं लागतंय.

नागावकडचा एक मुलगा त्याची कुमेत घोडी घेऊन आला होता. म्हणाला, “काका, ही रोज तिसऱ्यालाच ठेचकाळते. डोळा अधू आहे का हिचा?” घोडी पहिला दांडा छान पार करी, दुसऱ्यावर मान झटकी आणि तिसऱ्यावर खूर आपटे. आम्ही वाळूकडे पाहिलं. पहिल्या फटीत ठसा मधोमध होता, दुसऱ्या फटीत पुढच्या दांड्याजवळ गेला होता, तिसऱ्याला पाय ठेवायला जागाच उरत नव्हती. त्याने मोबाइलवर बघून १.१ मीटरचं माप घेतलं होतं आणि घोडी अंगाने मोठी होती. “एकेक वीत वाढव,” म्हटलं. त्याने दांडे सरकवले आणि घोडी चारही दांड्यांवरून खट न करता गेली. मुलगा वाकून ठसे बघत राहिला. मग त्याने स्वतःच उलट्या बाजूने नेऊन पुन्हा तपासलं. त्या वयात एवढी चौकस नजर असली की घोडा नशीबवान म्हणायचा.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. ठसा पुढे सरकतोय म्हणून दरवेळी अंतर वाढवायचं नाही. मोकळ्या वाळूवर त्याच घोड्याचं पाऊल ११८ सेंटिमीटर असेल आणि दांड्यांवर ते १४० व्हायला लागलं असेल, तर घोडा घाबरून पळतोय. त्याला लांब फट दिली तर तो आणखी पळेल. तेव्हा दांडे कमी करायचे, चालीत न्यायचं, दांड्यांच्या आधी एक मोठं वर्तुळ घ्यायचं.

आणि दुडकीच्या अंतरावर फक्त दोन दांडे कधी ठेवू नयेत. दोन दांडे जवळ दिसले की घोडा त्यांना एकच रुंद अडथळा समजून दोन्हींवरून उडी मारायचा प्रयत्न करतो. स्वार मागे फेकला जातो, घोड्याच्या तोंडात लगामाचा हिसका बसतो आणि दांड्यांबद्दलचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो. एका दांड्यावर शांत चालला की थेट तीन टाकावेत, मग चार. पाच-सहाच्या पुढे जायची गरज क्वचितच पडते.

जुन्या पद्धतीचे अडथळे

सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातले स्वार उडीच्या वेळी मागे रेलत, पाय पुढे ताणत आणि लगाम धरून ठेवत. घोड्याचे पुढचे पाय वाचतात, अशी समजूत होती. फेडेरिको काप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने मोकळ्या घोड्यांना उड्या मारताना बारकाईने पाहिलं. मोकळा घोडा मान पुढे ताणतो, पाठ कमानीत उचलतो आणि पुढच्या पायांवर उतरतो. मागे रेललेला स्वार नेमकी ही मान आणि पाठ अडवतो. काप्रिलीने रिकीब आखूड केली, स्वाराला पुढे झुकवलं, हात घोड्याच्या तोंडाबरोबर जाऊ दिले. १९०२ साली तुरिनला त्याने २.०८ मीटर उंचीची उडी मारून दाखवली. १९०७ साली घोड्यावरून पडून तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पिनेरोलोच्या घोडदळ शाळेतून त्याची पद्धत परदेशी अधिकाऱ्यांनी आपापल्या देशांत नेली आणि आज जगभर उडीची बैठक तीच आहे.

कॅव्हलेटी हे साधन इटालियन घोडदळाच्या याच परंपरेतलं. अडीच-तीन मीटरचा दांडा आणि दोन्ही टोकांना फुलीच्या आकाराचे लाकडी पाय. दांडा फुलीच्या मध्यात न बसवता एका बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे पाय फिरवले की उंची बदलते: साधारण १५-२० सेंटिमीटर, ३०-३५ आणि ४५-५०. एकाच वस्तूच्या तीन उंच्या, आणि कुठलाही गावचा सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. एक धोका मात्र आहे. पूर्वी अशा दोन-तीन कॅव्हलेटी एकमेकांवर रचून मोठी उडी करत. हे करू नका. घोड्याचा पाय लागला की ती रचना एकदम न पडता गडगडते, दांडा पायांत अडकतो आणि घोडा स्वारासकट कोसळू शकतो.

घोडदळाच्या मैदानांवर कॅव्हलेटीशिवाय काय असे? काटक्यांच्या विणलेल्या ताट्या, झुडपांनी भरलेल्या पेट्या, ओंडके, आडवी पिंपं, दगडी भिंत, चर, बांध. आताच्या रंगीत स्टँडवरच्या दांड्यांपेक्षा ते बोजड दिसतात, पण शिकाऊ घोड्याला ते सोपे जातात. घोड्याला भरीव अडथळ्याचं माप चटकन कळतं. हवेत तरंगणारा एकच बारीक दांडा त्याला फसवतो. खालून वरपर्यंत भरलेला, पायथ्याशी रुंद आणि माथ्याकडे किंचित पलीकडे झुकलेला अडथळा म्हणजे सगळ्यात दयाळू अडथळा.

आणि हे सामान कोकणात दाराशी आहे. कुडाची भिंत कारवीची असते; तसाच दोन फुटांचा कूड विणून पलीकडे झुकता उभा केला की जुन्या पद्धतीची ताटी तयार. फक्त वरची टोकं एका रेषेत कापून घासावीत, एकही काटकी भाल्यासारखी वर राहू नये. झुडपाची पेटी सुरूच्या फांद्यांनी भरता येते. वाडीच्या तोंडाशी दोन खांबांना भोकं पाडून आडवे बांबू सरकवलेलं बेडं असतं. ते घोड्याला दाखवायला, शेजारून न्यायला चांगलं, पण त्याच्यावरून उडी घेऊ नये. भोकात अडकलेला बांबू पडत नाही. गडग्याचंही तेच. जांभ्याचा चिरा कडेला धारदार असतो आणि गुडघा लागला तर कातडं सोलतो. गडगा हवाच असेल तर हलक्या फळ्यांची पेटी करून तिला जांभ्याचा रंग द्यावा.

भारतात ही विद्या मुख्यतः लष्कराने जपली. जयपूरचं ६१ कॅव्हलरी हे घोडदळ, खडकवासल्याची एनडीए, मुंबईत महालक्ष्मीचा अमॅच्युअर रायडर्स क्लब अशा ठिकाणी ती शिकवली जाते. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि उड्या अशा तीन फेऱ्यांची स्पर्धा) वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, २०१८ला जकार्तात फवाद मिर्झा यांनी रौप्य. इव्हेंटिंगच्या क्रॉसकंट्री फेरीत आजही ओंडका, चर, पाणी असे भरीव अडथळे असतात, म्हणजे जुनं मैदान तिथे अजून जिवंत आहे.

घोड्याला काय दिसतं

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं, नाकाखालचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणजे उडीच्या शेवटच्या पावलाला अडथळ्याचा बराचसा भाग त्याच्या नजरेआड जातो. तोपर्यंत त्याने निर्णय घेतलेला असावा लागतो. हा निर्णय तो अडथळ्याच्या पायथ्याकडे बघून घेतो. म्हणून उभ्या अडथळ्याच्या पुढे, घोडा येतो त्या बाजूला, १५ ते ३० सेंटिमीटरवर जमिनीवर एक दांडा टाकतात. तो त्याला सांगतो, इथून मोजायला लाग. हाच दांडा अडथळ्याच्या मागे सरकला तर घोडा चुकीच्या रेषेपासून मोजतो, फार जवळ येतो आणि पुढचे पाय अडकवतो. उडी उभी केल्यावर पायथ्याचा दांडा कुठे आहे हे बघितल्याशिवाय स्वाराने लगाम हातात घेऊ नये. उडी उलट्या बाजूने घ्यायची तर दांडाही उचलून त्या बाजूला न्यायचा.

रंगाचंही आहे. घोड्याला निळा आणि पिवळा वेगळे दिसतात, तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. हिरवळीवरचा नारिंगी दांडा आपल्याला उठून दिसतो, त्याला नाही. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत नारिंगी खुणा होत्या. हे लक्षात घेऊन २०२२पासून त्या पांढऱ्या करायला घेतल्या. आपल्या काळपट ओल्या वाळूवर लाकडाचा मूळ रंग जवळजवळ हरवतो. पांढरे आणि निळे पट्टे सगळ्यात चांगले. चुना फासू नये, पहिल्याच दवाने तो घोड्याच्या पायाला लागतो. ऑइलपेंट वापरावा.

लाकूड आणि दोन नियम

दांडा तीन मीटर लांब, दहा सेंटिमीटरच्या आसपास जाड आणि दोन्ही टोकांना शक्यतो सारखा असावा. किनाऱ्यावर सुरूचा सोटा सहज मिळतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर झाडं आडवी झाली, त्यात सुरूही होते. सुरूचं लाकूड जड आणि टणक असतं. घोड्याने एकदा ठोकरलं की पुढच्या खेपेस पाय उचलतो. साल मात्र काढून टाकावी, नाहीतर खाली भुंगा धरतो. गाठी तासून गुळगुळीत कराव्यात. पोफळीचा सोट वरून छान दिसतो, आतून लवकर कुजतो. बांबू उडीला नकोच: पायाखाली आला की उभा चिरतो आणि त्याची सळई मांसात घुसते. पीव्हीसी पाइपही नको. तो हलका असल्याने घोडा त्याला जुमानत नाही, आणि उन्हाने कडक झालेला पाइप फुटला की कडा सुरीच्या धारेच्या होतात.

आता नियम. जमिनीवरचा दांडा हलता कामा नये. अडथळ्यावरचा दांडा पडलाच पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात. जमिनीवरचे गोल दांडे तसेच सोडतात. त्यावर खूर पडला की दांडा गरकन फिरतो, खुरावरचा सांधा मुरगळतो, कधी कंडरा जायबंदी होते आणि घोडा महिनोन्महिने लंगडतो. त्यासाठी दोन्ही टोकांखाली खाच केलेले ठोकळे द्यावेत, किंवा दोन्ही बाजूंनी वाळूची पोती सारावीत. नारळाची सोडणं उलटी दाबून बसवली तरी दांडा हलत नाही आणि पाय लागला तर ती दबतात. दुसरीकडे, अडथळ्यावरचा दांडा वाऱ्याने पडू नये म्हणून काथ्याने करकचून बांधतात. बांधलेल्या दांड्यात पाय अडकला तर घोडा उलटतो. दांडा उथळ वाटीत नुसता टेकवलेला असावा. पडला तर पडू द्या, उचलून ठेवायला माणूस आहेच.

उडीकडे जाताना

चार दांडे शांतपणे पार होऊ लागले की शेवटच्या दांड्यानंतर मोठ्या घोड्याला २.४ ते २.७ मीटरवर, आपल्या लहान घोड्याला त्याहून थोडं जवळ, दोन दांड्यांची एक फुली उभी करावी. मध्यावर उंची फक्त ३० सेंटिमीटर. फुलीचा खोलगट मध्य घोड्याला आपोआप मधोमध आणतो. दांडे त्याची लय आणि अंतर ठरवून देतात, त्यामुळे योग्य जागेवरून उडी घेण्यावाचून त्याला दुसरं सुचतच नाही. स्वाराचं काम एवढंच: मध्ये न येणं. हात आयाळीवर, नजर पलीकडच्या एखाद्या माडावर, लगाम सैल. नव्या स्वाराने मानेभोवती एक पट्टा बांधून तोच धरावा, म्हणजे तोल गेला तरी घोड्याचं तोंड ओढलं जात नाही.

पुढे त्या फुलीपासून ५.५ मीटरवर दुसरा छोटा अडथळा ठेवला की दुडकीत आलेला घोडा मध्ये कँटरचं एकच पाऊल टाकून दुसरी उडी घेतो. मोठा घोडा कँटरमध्ये येत असेल तर हेच अंतर ७.३ मीटरच्या आसपास होतं. हिशेब असा: कँटरचं एक पूर्ण पाऊल सुमारे १२ फूट, उतरायला सहा फूट, पुन्हा उचलायला सहा. १४ हातांच्या घोड्यासाठी यातून फूट-दीड फूट कमी करावं. उंची सगळ्यात शेवटी, तीही एकाच अडथळ्याची. काही बिघडलं की ताबडतोब मागे: उडी उतरवायची, दांड्यांवर यायचं, गरज पडली तर एकच दांडा आणि साधी चाल. यात वेळ वाया जात नाही. घाबरलेल्या घोड्याला पुढे रेटण्यात जातो.

चार वर्षांखालच्या घोड्याला स्वारासकट उडी नको, हाडं अजून भरायची असतात. तीन वर्षांच्याला दोरीवर धरून दांड्यांवरून चालवणं पुरेसं आहे. आणि एका जुन्या प्रथेबद्दल स्पष्ट लिहितो: घोडा उडी घेत असताना पाय वर घ्यावेत म्हणून खालून बांबू उचलून नडगीवर मारायचा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने यावर बंदी घातली आहे आणि आपल्याकडे १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. कायदा नसता तरी ते नीचच ठरलं असतं. ज्या अडथळ्यावर विश्वास ठेवायला आपण शिकवतो, तोच अचानक उठून मारतो, हे घोडा कधी विसरत नाही.

जमीन, भरती आणि ऊन

ओल्या वाळूचा घट्ट पट्टा दांड्यांसाठी उत्तम, पण उडीसाठी तो कडक आहे. उतरताना सगळा भार आधी पुढच्या एका पायावर येतो. कोरडी खोल वाळू उलट बाजूने वाईट: पाय रुतून कंडरांवर ताण येतो. उडीला भातकापणीनंतरचं शेत काही आठवडे छान असतं, नोव्हेंबर-डिसेंबरात माती थोडी दबते. फेब्रुवारीपर्यंत ती तडकून दगड होते, मग तिथे नुसती चाल. कातळसड्यावर तर दुडकीही जपून.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी सातला मिळालेला पट्टा आठवड्याने त्या वेळी पाण्याखाली असतो. तक्ता बघूनच कार्यक्रम आखावा, आणि पोरं खेळायला यायच्या आत दांडे उचलावेत. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने घाम वाळत नाही, घोड्याचं अंग थंड होत नाही. काम आठच्या आत संपवायचं, नंतर सावली, पाणी आणि दाण्यात मीठ. आधी दहा-पंधरा मिनिटं चाल, मग दांडे पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. उडी आठवड्यातून एकदा पुष्कळ झाली. एरवी पाय न लावणारा घोडा दांड्याला खूर लावायला लागला की तो थकलाय, तिथेच थांबावं. दिवसभर पर्यटकांना फिरवलेल्या घोड्याला संध्याकाळी दांड्यांवर नेणं म्हणजे अन्याय आहे. त्याचं हे काम सुट्टीनंतरच्या सकाळी, फेऱ्या सुरू व्हायच्या आधी.

जूनपासून पुळण बंदच. तेव्हा गोठ्यासमोरच्या खळ्यात किंवा मांडवाखाली तीन दांडे ठोकळ्यांवर ठेवून हाताने धरून चालवता येतं. तेवढ्यानेही पाठ आणि पोट कामात राहतं. ओल्यात खूर कुजतात, म्हणून अशा प्रत्येक खेपेनंतर खूर खरवडून कोरडे करावेत आणि नालबंदाची सहा-आठ आठवड्यांची पाळी चुकवू नये. उरलेले दांडे पडवीत चिऱ्यांवर आडवे रचून ठेवायचे, खालून वारा खेळेल असे. गणपती झाले की एकेक बाहेर काढून बुटाने ठोकून बघायचा. बद्द आवाज आला तर तो आतून गेलेला आहे. त्याला जळणात टाकून नवा सोटा तासायला घ्यायचा.